पेत्रझाल्काचे सहा गुण

2025 पर्यंत चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, मुख्य फेरीत चार स्लोव्हाक क्लब पोहोचले. 1997-98 मध्ये कोशित्से: सहा सामने, सहा पराभव. 2010-11 मध्ये झिलिना: पुन्हा सहापैकी सहा पराभव, त्यात मार्सेयकडून घरच्या मैदानावर 0-7. 2024-25 मध्ये स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा: स्पर्धेची पद्धत बदलल्यामुळे आठ सामने, आणि आठही हरले.

राहिला चौथा. 2005-06 च्या मोसमात ब्रातिस्लाव्हाच्या पेत्रझाल्का भागातल्या आर्टमीडिया नावाच्या क्लबने इंटर मिलान, पोर्तो आणि ग्लासगो रेंजर्स यांच्या गटात एक विजय, तीन बरोबरी आणि दोन पराभव अशी कमाई केली. विजयाचे तीन, बरोबरीचा एकेक, म्हणजे गुण सहा. स्लोव्हाकियाच्या खात्यात या स्पर्धेच्या मुख्य फेरीत जमा असलेले गुण एवढेच. ते कमावणारा क्लब त्या नावानं आता शिल्लक नाही. या पराक्रमानंतर पाच वर्षांत तो दुसऱ्या लीगमध्ये घसरला आणि नऊ वर्षांत त्याने गाशा गुंडाळला.

हरत हरत बुडालेले क्लब युरोपात पैशाला पासरी सापडतील. आर्टमीडियाचं प्रकरण वेगळं आहे, कारण हा क्लब जिंकता जिंकता रिकामा झाला. 2008 मध्ये त्याने लीग आणि चषक दोन्ही पटकावले, आणि 2010 मध्ये तो तळाला होता. मधल्या दोन वर्षांत काय झालं हे समजायला आधी डॅन्यूब ओलांडून पलीकडे जावं लागतं.

नदीपलीकडचं गाव

ब्रातिस्लाव्हाचा किल्ला, जुनं शहर, राजवाडे, सरकारी कचेऱ्या हे सगळं डॅन्यूबच्या उत्तरेला. दक्षिणेला पेत्रझाल्का. हंगेरीच्या राज्यात ब्रातिस्लाव्हाचं नाव पोझोन्य होतं, आणि तिथे 1892 मध्ये पोझोन्यी तोर्ना एज्येशुलेत, म्हणजे पोझोन्यची व्यायाम मंडळी, सुरू झाली. जिम्नॅस्टिक्स हा मुख्य कार्यक्रम. 1898 मध्ये तिथे फुटबॉल आला. आजच्या स्लोव्हाकियातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब असा मान पेत्रझाल्कावाले सांगतात तो याच मुळावरून. स्लोव्हानची स्थापना 1919 ची, म्हणजे वयाने नदीपलीकडचा भाऊ थोरला.

पण थोरलेपणाचा उपयोग काय? या क्लबला कधी एक नाव धड चिकटलं नाही. हंगेरियन नाव गेलं, चेकोस्लोव्हाकिया आला. 1938 मध्ये म्युनिक करारानंतर जर्मनीने पेत्रझाल्का थेट गिळली आणि तिला एंगराउ म्हणू लागली. नदीच्या एका काठावर ब्रातिस्लाव्हा, दुसऱ्या काठावर हिटलरचं राइश, अशी स्थिती 1945 पर्यंत होती. मग साम्यवादी राजवटीत क्लब कारखान्यांना जोडले गेले. एनॅमलची भांडी आणि धातूचा माल बनवणाऱ्या कोवोस्मल्टचं नाव लागलं, पुढे अवजड यंत्रं बनवणाऱ्या झेडटीएसचं. प्रत्येक राजवट आली आणि दारावरची पाटी बदलून गेली.

सत्तरच्या दशकात तर गावच बदललं. जुनी घरं, परसबागा पाडून तिथे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून बांधलेल्या उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. मध्य युरोपातली ही सर्वांत मोठी वसाहत, आज लाखाहून अधिक लोकांची. कागदावर बघितलं तर फुटबॉल क्लबसाठी याहून चांगली जागा नाही: चालत येण्याच्या अंतरावर लाखभर माणसं. पण ती माणसं देशभरातून आलेली होती. येताना आपापला क्लब मनात घेऊन आलेली. ज्याला राजधानीचा क्लब हवा त्याच्यासाठी पूल ओलांडला की स्लोव्हान होताच. 1969 मध्ये बाझेलला बार्सिलोनाला 3-2 हरवून कप विनर्स कप, म्हणजे देशोदेशीच्या चषक विजेत्यांची स्पर्धा, जिंकून आणणारा, युरोपियन चषक जिंकणारा चेकोस्लोव्हाकियाचा एकमेव क्लब. त्या आठवणीपुढे पेत्रझाल्काकडे सांगण्यासारखं होतं काय? जुन्या पुलाच्या टोकाला, नदीच्या अगदी कडेला, एक छोटं स्टेडियम आणि वयाचा दाखला.

आर्टमीडिया: एका मालकाचा क्लब

1 जानेवारी 1993 ला स्लोव्हाकिया स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी क्लबच्या नावात आर्टमीडिया आलं. हेही प्रायोजकाचंच नाव, म्हणजे परंपरा तीच, फक्त कारखान्याच्या जागी खासगी कंपनी. क्लबमागे उभा राहिला इव्हान क्मोत्रीक: छपाई, खोकी-वेष्टनं, वर्तमानपत्रांचं वितरण अशा धंद्यांतून वर आलेला उद्योजक. 1996 मध्ये संघ पहिल्या लीगमध्ये चढला आणि तिथे टिकला.

दुसरा माणूस प्रशिक्षक व्लादिमीर वाइस. या घराण्यात तीन पिढ्या एकच नाव आहे, त्यामुळे वाचताना गोंधळ ठरलेला. आजोबा व्लादिमीर वाइस 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात होते, नातू व्लादिमीर वाइस मँचेस्टर सिटीपर्यंत गेला. आपला मधला. तो स्वतः 1990 च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाकडून खेळलेला. त्याच्या हाताखाली आर्टमीडियाने 2004 मध्ये स्लोव्हाक चषक जिंकला आणि 2005 मध्ये लीग.

इथे एक योगायोग महत्त्वाचा आहे. स्लोव्हान 2004 मध्ये शेवटच्या क्रमांकावर राहून दुसऱ्या लीगमध्ये उतरला होता आणि 2006 पर्यंत तिथेच होता. म्हणजे पेत्रझाल्का विजेती ठरली त्या वर्षी शहराचा मानाचा क्लब पहिल्या लीगमध्ये नव्हताच. थोरल्या भावाला मोकळं मैदान मिळालं, पण त्याच वेळी शहराच्या मध्यभागी एक मोठं, नामांकित आणि डबघाईला आलेलं घर कुणीतरी घ्यावं म्हणून उभं होतं. पुढची गोष्ट बरीचशी इथेच लिहिली गेली.

पाच महिने

2005 च्या जुलैत पात्रता फेरी सुरू झाली. कझाकस्तानच्या अल्माटीत कैरात क्लबविरुद्ध आर्टमीडिया 0-2 हरली. परतीचा सामना जादा वेळेपर्यंत गेला आणि 4-1 ने सुटला, दोन्ही सामन्यांची बेरीज 4-3. मोहीम पहिल्याच पायरीवर संपायची ती थोडक्यात वाचली.

पुढे ग्लासगोचा सेल्टिक. गॉर्डन स्ट्रॅकनचा सेल्टिकचा प्रशिक्षक म्हणून हा पहिलाच अधिकृत सामना. 27 जुलैला ब्रातिस्लाव्हात पहिला गोल मध्यंतराच्या तोंडावर झाला, आर्टमीडियाच्या हलेनारचा. तोवर सामना कुणाचाही होता. दुसऱ्या सत्रात व्हाश्चाकने दुसरा गोल केला, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत सेल्टिकचा बचाव उसवलेल्या शिवणीसारखा सुटत गेला. हलेनारची हॅटट्रिक, मिकुलिचचा एक, 5-0. दोनच वर्षांपूर्वी यूएफा चषकाची, म्हणजे चॅम्पियन्स लीगखालोखालच्या युरोपीय स्पर्धेची, अंतिम फेरी खेळलेला क्लब हा.

आठवड्याने ग्लासगोत सेल्टिकने एकेक करून चार गोल फेडले. चौथा 82 व्या मिनिटाला. बेरीज 5-4, आणि साठ हजारांच्या स्टेडियममध्ये उरलेली आठ मिनिटं आणि वरचा भरपाईचा वेळ. आर्टमीडियाने ती काढली. कशी, तर चेंडू जमेल तितक्या लांब फेकत. त्यात शोभा काही नव्हती, आणि ती कुणी मागितलीही नसती.

तिसऱ्या फेरीत बेलग्रेडचा पार्टिझान. दोन्ही सामने 0-0, आणि पेनल्टीत 4-3. तिन्ही फेऱ्यांचा हिशेब मांडला तर: एका गोलाने, एका गोलाने, एका पेनल्टीने. या मोसमाला परीकथा म्हणणारे हा हिशेब विसरतात. संघ चांगला होताच, पण तीनदा नाणं उभं राहिलं आणि तीनदा त्याच बाजूला पडलं.

गटातले घरचे सामने पेत्रझाल्कात झाले नाहीत. पुलाच्या टोकाचं ते स्टेडियम चॅम्पियन्स लीगच्या मापाचं नव्हतं. संघ नदी ओलांडून तेहेल्ने पोलेवर खेळला. नावाचा अर्थ विटांचं मैदान, आणि हे स्लोव्हानचं घर. आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या रात्री क्लबने भाड्याच्या घरात काढल्या.

इंटरविरुद्ध पहिला सामना 0-1. मग 28 सप्टेंबरला पोर्तो, त्यांच्याच मैदानावर. पोर्तोने सव्वा वर्षापूर्वीच हा चषक उचललेला होता. लुचो गोन्सालेस आणि दिएगो यांनी अर्ध्या तासानंतर सात-आठ मिनिटांत दोन गोल केले. स्टेडियममधले लोक आता किती होणार एवढंच मोजत असतील. मध्यंतराच्या शिट्टीआधी पेत्राशने एक फेडला. त्या वेळी गोल झाला नसता तर दुसरं सत्र वेगळं झालं असतं असं मला तो सामना आठवताना नेहमी वाटतं. 54 व्या मिनिटाला कोझाक, 74 व्या मिनिटाला बोर्बेई, 3-2. बोर्बेई दुनाय्स्का स्त्रेदाच्या हंगेरियन भाषक पट्ट्यातला. ज्या क्लबचं पहिलं नाव हंगेरियन होतं, त्याच्या सर्वांत मोठ्या विजयाचा गोल हंगेरियन आडनावाच्या खेळाडूने केला. याला योगायोग म्हणा, पण पेत्रझाल्काच्या मातीत असे योगायोग पिकतात.

रेंजर्सविरुद्ध ग्लासगोत 0-0, घरी दोनदा पिछाडीवरून 2-2. मिलानमध्ये इंटरने 4-0 धुतलं, त्यात आद्रियानोचे तीन. आणि मग 6 डिसेंबर, पोर्तो ब्रातिस्लाव्हात. त्या दिवशी सकाळी तक्ता असा होता: रेंजर्स 6, आर्टमीडिया 5, पोर्तो 4. गटातले पहिले दोनच पुढे जाणार होते, आणि इंटर आधीच पुढे गेलेला. रात्री रेंजर्सने इंटरशी 1-1 बरोबरी केली आणि 7 वर थांबला. आर्टमीडियाने पोर्तोला हरवलं असतं तर 8 गुणांसह शेवटच्या सोळांत पेत्रझाल्का असती. सामना 0-0 सुटला.

आधीच्या तिन्ही फेऱ्यांत पदरात पडलेला तो एक गोल या वेळी पडला नाही. तिसऱ्या क्रमांकामुळे संघ यूएफा चषकात गेला आणि फेब्रुवारीत लेव्हस्की सोफियाकडून दोन्ही सामने हरून बाहेर पडला. तोवर संघ विरायला सुरुवात झाली होती. कोझाक त्या हिवाळ्यात उसनवारीवर वेस्ट ब्रॉमला गेला. बोर्बेई पुढे जर्मनीत कायझर्सलाउटर्नला. बचावपटू यान द्युरित्सा मॉस्कोजवळच्या सातुर्नकडे, आणि त्याच सातुर्नकडे खुद्द वाइसही.

यात दोष कुणाचाच नाही. छोट्या लीगमधल्या क्लबचं दुकान असंच चालतं: मोसम गाजवायचा, खेळाडू विकायचे, पुढचे घडवायचे. आणि आर्टमीडियाने ते जमवलंही. वाइस परतला, 2008 मध्ये दुहेरी मुकुट आला, ऑगस्टमध्ये पात्रता फेरीत युव्हेंटसशी गाठ पडली. तूरिनमध्ये 0-4, पण घरी 1-1. फक्त तोवर वाइस राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झालेला होता. दोन खांबांपैकी एक गेला.

दुसरा खांब

दुसरा खांब गेला तो पूल ओलांडून. क्मोत्रीक स्लोव्हानकडे वळला. 2009 च्या उन्हाळ्यात पेत्रझाल्काच्या नावातून आर्टमीडिया वगळलं गेलं आणि क्लब एमएफके पेत्रझाल्का झाला. मालकामागोमाग खेळाडूही निघाले. बचावपटू कोर्नेल सालाटा स्लोव्हानमध्ये, थोड्या काळाने करीम गेदेही. सेल्टिकविरुद्धचा हॅटट्रिकवीर हलेनारही स्लोव्हानच्या निळ्या शर्टात गोल करू लागला.

2009-10 च्या मोसमात पेत्रझाल्का शेवटची आली आणि पहिल्या लीगमधून बाहेर पडली. काही आठवड्यांचं अंतर धरा आणि दुसरीकडे बघा: त्याच उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात स्लोव्हाकियाने गतविजेत्या इटलीला 3-2 हरवून घरी पाठवलं. प्रशिक्षक वाइस, संघात द्युरित्सा आणि सालाटा. पेत्रझाल्कात घडलेली माणसं देशासाठी मोठी कामगिरी करत होती तेव्हा पेत्रझाल्कात फक्त रिकामी कपाटं उरली होती.

पुढचं थोडक्यात. नावात 1898 घालून पाहिलं, म्हणजे शेवटी वयाचा दाखलाच पुढे केला. दुसऱ्या लीगमधूनही घसरण झाली. पुलाजवळचं स्टेडियम पाडलं गेलं. 2014 मध्ये जुना क्लब आटोपला आणि मुलांच्या अकादमीच्या आधाराने खालच्या पायरीवरून नव्यानं सुरुवात झाली.

लोक याचा दोष क्मोत्रीकला देतात. मला ते अर्धंच पटतं. त्याच्या जागी बसून बघा. तुम्ही बारा-पंधरा वर्षं पैसा ओतला, दोनदा लीग जिंकली, पोर्तोला त्यांच्या घरात हरवलं, आणि तरी साध्या लीग सामन्याला लाखाच्या वस्तीतून मूठभर माणसं येतात. पलीकडे स्लोव्हानचं नाव आहे, चाहते आहेत, राष्ट्रीय स्टेडियमची जागा आहे. धंद्याचं डोकं असलेला माणूस दुसरं काय करेल? आर्टमीडियाच्या यशाने एकच गोष्ट सिद्ध केली: हा मालक आणि हा प्रशिक्षक मिळून युरोपात गुण मिळवू शकतात. आणि ही कुवत क्लबची नव्हती, या दोन माणसांची होती. ती त्यांच्याबरोबर हलवता येत होती.

चुकलं कुठे, तर 2005 च्या डिसेंबरपासून 2008 पर्यंतची जी अडीच वर्षं होती तिथे. त्या काळात पेत्रझाल्काकडे तिच्या सव्वाशे वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा सांगायला गोष्ट होती. दहा वर्षांच्या पोराला हाताला धरून मैदानावर आणावं अशी. पण गोष्ट घडली पलीकडच्या मैदानावर, आणि शर्टावर नाव होतं कंपनीचं. वसाहतीतल्या पोराने त्यात आपलं म्हणून धरायचं काय? क्लबमध्ये चाहत्यांचा किंवा पालिकेचा असा वाटा नव्हता की मालक उठला तर कुणीतरी हात आडवा घालेल. सत्तेसोबत पाटी बदलण्याची सवय चेकोस्लोव्हाकिया आला तेव्हापासूनची, तिला 2009 मध्ये काही नवं करावं लागलं नाही.

त्याच माणसांनी पुन्हा

हे प्रकरण 2014 ला संपलं असतं तर एका गरीब क्लबची शोकांतिका म्हणून मिटवता आलं असतं. पण त्याला एक दुसरी बाजू आहे, आणि अभ्यासाला ती जास्त उपयोगाची.

क्मोत्रीकने स्लोव्हानवर जो पैसा लावला तो पेत्रझाल्कापेक्षा कितीतरी मोठा. तेहेल्ने पोलेच्या जागी साडेबावीस हजार आसनांचं नवं राष्ट्रीय स्टेडियम 2019 मध्ये उघडलं. त्याच वर्षापासून 2025 पर्यंत स्लोव्हानने सलग सात वेळा लीग जिंकली. 2021 मध्ये वाइस प्रशिक्षक म्हणून आला. मधल्या काळात तो कझाकस्तानात कैरातकडे आणि मग जॉर्जियाच्या राष्ट्रीय संघाकडे होता. म्हणजे 2005 चं सूत्र पुन्हा जुळलं: तोच मालक, तोच प्रशिक्षक, वर घरचं मैदान आणि भरलेली गॅलरी.

2024 मध्ये चार पात्रता फेऱ्या पार करून स्लोव्हान मुख्य फेरीत आला. पहिला सामना 18 सप्टेंबरला, ग्लासगोत, सेल्टिकविरुद्ध. सेल्टिक 5, स्लोव्हान 1. एकोणीस वर्षांपूर्वी खाल्लेले पाच गोल सेल्टिकने व्याजाशिवाय परत केले. मग मँचेस्टर सिटी, जिरोना, झाग्रेब, एसी मिलान, अ‍ॅटलेटिको, श्टुटगार्ट, बायर्न. सात गोल केले, सत्तावीस घेतले, गुण शून्य.

यावरून स्लोव्हान हसण्याजोगा ठरत नाही. 2005 आणि 2024 मधल्या मोठ्या आणि छोट्या क्लबांतल्या पैशाची दरी इतकी रुंदावली आहे की तीच माणसं तेच काम पुन्हा करू शकली नाहीत यात नवल नाही. पण एक गोष्ट यातून निघते. पेत्रझाल्का सोडण्याचं कारण होतं की मोठ्या नावाखाली तीच कुवत अधिक दूर जाईल. लीगमध्ये ती गेली. युरोपच्या मोठ्या टेबलावर मात्र सहा गुण अजून पेत्रझाल्काचेच आहेत.

2025 च्या ऑगस्टमध्ये वर्तुळ आणखी घट्ट झालं. पात्रता फेरीत स्लोव्हानसमोर कैरात आला: तोच अल्माटीचा क्लब, ज्याला आर्टमीडियाने जादा वेळेत मागे टाकून ही सगळी कहाणी सुरू केली होती, आणि जिथे वाइसने काही वर्षं काम केलं होतं. या वेळी पेनल्टीत कैरात जिंकला. पुढच्या फेरीत त्याने सेल्टिकशी दोन्ही सामने 0-0 खेळून पेनल्टीवर बाजी मारली, अगदी आर्टमीडियाने पार्टिझानला काढलं होतं तसं.

पेत्रझाल्कात अकादमीतून उभा राहिलेला संघ पायऱ्या चढत 2020 मध्ये दुसऱ्या लीगपर्यंत आला. आता शर्टावर कंपनीचं नाव नाही, वस्तीचं आहे. जुन्या पुलाच्या जागी नवा पूल झाला आणि 2016 पासून त्यावरून ट्राम धावते. शहरातून येताना नदी संपली की ती जिथे वळते, त्याच्या शेजारीच ते स्टेडियम होतं.